चष्मा आहे तरी फळ्यावरचं दिसत नाही, असं कसं? लो व्हिजन आणि शाळा, सोप्या भाषेत

शाळा सुरू होऊन जरा स्थिरस्थावर झाली की आरोग्य तपासणीची गाडी येते, मुलांना रांगेत उभं करून एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लावतात, आणि मग पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न येऊन पडतो. पोराला चष्मा आहे, नंबर बरोबर आहे असं डॉक्टर म्हणतात, तरी बाई म्हणतात याला फळ्यावरचं दिसत नाही, मग नक्की चुकतंय कोण? बरेचदा कोणीच चुकत नसतं. डॉक्टरांचा नंबर बरोबर असतो, बाईंचं निरीक्षण पण बरोबर असतं, आणि पोरगं खरंच बोलत असतं.

चष्मा, औषध, ऑपरेशन, जे काय शक्य होतं ते सगळं करून झाल्यावरही जी नजर कमीच राहते तिला लो व्हिजन म्हणतात, मराठीत अल्पदृष्टी. बस, एवढीच व्याख्या. पण शाळेच्या डोक्यात दोनच खाने असतात, एक "दिसतं" आणि दुसरा "अंध", आणि या दोघांच्या मधल्या मुलांना कुठं बसवायचं हे कोणाला कळत नाही म्हणून मग आळशी, हट्टी, नाटकी, अभ्यासात कच्चा अशी लेबलं लागतात. "मैदानावर चेंडूमागं बरोबर पळतो आणि वर्गात आला की दिसत नाही म्हणतो" हे वाक्य शाळांच्या शिबिरात बसणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेलं असतं. त्या वाक्यातली दोन्ही अर्धी खरी असू शकतात, कशी ते पुढं येईलच.

चष्म्यानं का भागत नाही

गणपतीत मंडळाचा पडद्यावरचा सिनेमा आठवा. चित्र अंधुक आलं तर प्रोजेक्टरवाला पुढची रिंग फिरवतो आणि चित्र साफ होतं. चष्मा म्हणजे ती रिंग. तो डोळ्यात येणारा प्रकाश पडद्यावर नीट आणून टाकतो, त्याचं काम तिथं संपलं. आता समजा पडदाच फाटका आहे, मधेच भोक आहे, किंवा वाऱ्यानं सारखा हलतोय, किंवा बाजूला कोणीतरी हॅलोजन लावून ठेवलाय, तर रिंग कितीही फिरवा, काय उपयोग. डोळ्यातला पडदा म्हणजे रेटिना, आणि त्याच्यामागची मेंदूकडे जाणारी नस आणि मेंदूचा पाहण्याचा भाग, इथं बिघाड असेल तर नंबर कितीही अचूक काढला तरी दिसणं एका मर्यादेच्या पुढं जात नाही.

आणि याच्या उलटंही असतं. एखाद्या मुलीला मायनस १० चा जाड चष्मा असतो, सगळे बिचारी बिचारी करतात, पण चष्मा लावल्यावर ती तक्त्याची खालची ओळ वाचते. तिला लो व्हिजन नाही. आणि चष्माच नसलेला मुलगा लो व्हिजनवाला असू शकतो कारण चष्म्यानं त्याला फरकच पडत नाही. त्यामुळं चष्म्याची जाडी बघून काहीही ठरवू नका.

६/६० म्हणजे नेमकं किती

डॉक्टरांच्या कागदावर ६/६, ६/१८, ६/६० असं काहीतरी लिहिलेलं असतं. वरचा आकडा म्हणजे मूल तक्त्यापासून किती मीटरवर उभं आहे, खालचा आकडा म्हणजे तेच अक्षर साध्या नजरेच्या माणसाला किती मीटरवरून वाचता येतं. म्हणजे ६/६० असेल तर बाकीच्यांना ६० मीटरवरून वाचता येणारं अक्षर वाचायला या मुलाला ६ मीटरपर्यंत यावं लागतं.

आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिशोब असा आहे: चांगल्या डोळ्याची नजर, चष्मा वगैरे सगळं लावून, ६/१८ पेक्षा कमी असेल तर तिथून ३/६० पर्यंत लो व्हिजन, आणि ३/६० च्याही खाली गेली की अंधत्व. शिवाय नजरेचा घेर पण मोजतात. दोन्ही डोळे मिळून आपल्याला आडवं साधारण १८० अंशांचं दिसतं, हा घेर ४० अंशांपेक्षा कमी झाला की ते पण लो व्हिजन, आणि १० च्या खाली गेला की कायद्यानं अंधत्व, मग समोरचं अक्षर कितीही बारीक वाचू दे. हा घेराचा भाग लोकांना माहीतच नसतो, आणि शाळेतला तक्ता तो दाखवत पण नाही, त्यामुळं तपासणीत "नॉर्मल" लागलेली काही मुलं नॉर्मल नसतात.

प्रत्येकाचं कमी दिसणं वेगळं

इथं जरा थांबून वाचा कारण सगळी गडबड इथंच होते. लो व्हिजन म्हटलं की लोकांना वाटतं सगळंच धूसर दिसत असेल. तसं नसतं.

काहींचा पडदा बरोबर मधे गेलेला असतो, स्टारगार्ट नावाच्या आजारात असं होतं आणि तो बरेचदा शाळेच्या वयातच सुरू होतो. या मुलाला जिथं बघायचं तिथंच दिसत नाही, आजूबाजूचं दिसतं. म्हणून तो मैदानावर धडपडत नाही, जिना नीट उतरतो, चेंडूमागं पळतो पण समोरच्या पानावरचं अक्षर गायब असतं. मग तो आपोआप शिकतो की नजर जरा तिरकी केली की कडेच्या चांगल्या भागातून दिसतं, आणि बाई म्हणतात "माझ्याशी बोलताना इकडं बघ". तो बघतच असतो.

काहींचं बरोबर उलटं. रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणून आजार आहे, आरपी म्हणतात त्याला, त्यात कडेचं दिसणं हळूहळू कमी होतं आणि सुरुवात बहुतेक वेळा अंधारात न दिसण्यापासून होते. हे मूल फळा वाचतं, पुस्तक वाचतं, पण मधल्या सुट्टीत दप्तरांना अडखळतं, संध्याकाळच्या जादा तासाहून घरी येताना घाबरतं, आणि सगळे म्हणतात धांदरट आहे. या मुलाला मोठ्या अक्षरांचं पुस्तक दिलं तर मदत होण्याऐवजी त्रास होऊ शकतो, कारण त्याच्या छोट्या घेरात आधी अख्खा शब्द मावत होता तिथं आता दोनच अक्षरं मावतात.

काहींचे डोळे सतत बारीक हलत असतात, त्याला निस्टॅगमस म्हणतात. यातल्या बऱ्याच मुलांना मान एका विशिष्ट बाजूला वळवली की डोळ्यांची हालचाल कमी होते आणि दिसणं सुधारतं, म्हणून ती मान वाकडी करून वाचतात. कृपया ती मान सरळ करू नका! आईवडील, शिक्षक, शेजारचे काका सगळे मान सरळ करायला टपलेले असतात. त्यापेक्षा त्याचा बाक अशा बाजूला ठेवा की त्या वळलेल्या मानेसमोर फळा येईल.

मग आल्बिनिझम, अंगात रंगद्रव्य कमी असलेली गोरीपान, पांढुरक्या केसांची मुलं. यांना उजेड सहन होत नाही, आणि शिक्षक बिचारे चांगल्या मनानं त्यांना खिडकीजवळ उजेडात बसवतात. तिथं त्यांना अजून कमी दिसतं. खिडकी पाठीमागं येईल अशी जागा, टोपी, रंगीत काचेचा चष्मा, आणि मैदानावर टोपी काढायची सक्ती नको, एवढ्यानं मोठा फरक पडतो. आरपीवाल्या मुलाला मात्र भरपूर उजेड लागतो. म्हणजे एकाच वर्गात दोन लो व्हिजनवाली मुलं असली तर एकाला ट्यूबलाइटखाली आणि दुसऱ्याला तिच्यापासून लांब बसवायला लागू शकतं.

आणि शेवटचा प्रकार, जो सगळ्यात जास्त गैरसमजात सापडतो, तो मेंदूतला. जन्मताना ऑक्सिजन कमी पडला, बाळ फार लवकर जन्मलं, साखर खूप उतरली अशा कारणांनी मेंदूचा पाहण्याचा भाग दुखावतो. डोळे तपासले तर ठीकठाक दिसतात. पण गर्दीच्या पानावरचं एक चित्र सापडत नाही, ओळखीच्या वर्गात सगळं जमतं आणि स्नेहसंमेलनाच्या गर्दीत आई पण ओळखू येत नाही, सकाळी वाचतं तेच दुपारी वाचता येत नाही. "कधी दिसतं कधी नाही, नाटक करतो" हे यांच्याबद्दल हमखास म्हणतात, पण यांचं दिसणं खरोखरच दिवसात बदलत असतं.

होतं कशामुळं, आणि टाळता येतं का

थोडक्यात सांगतो. काही कारणं टाळता येतात, काही नाही. ३४ आठवड्यांच्या आधी किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल तर जन्मानंतर ४ आठवड्यांच्या आत त्याच्या रेटिनाची तपासणी झालीच पाहिजे, फारच लहान बाळ असेल तर अजून लवकर, कारण अशा बाळांच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि वेळेत लेसर किंवा इंजेक्शन दिलं तर नजर वाचते. एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी आल्याच्या आनंदात ही एक तारीख चुकते. जन्मजात मोतीबिंदू पण असतो, बाळाला, हो. बुबुळाच्या मधे पांढरं दिसलं किंवा फ्लॅश मारलेल्या फोटोत एकाच डोळ्यात पांढरी चमक आली तर "मोठं झाल्यावर बघू" म्हणायचं नाही, त्याच आठवड्यात डोळ्याचे डॉक्टर गाठायचे, कारण तो मोतीबिंदू असू शकतो आणि क्वचित डोळ्याच्या आतला कॅन्सरही असू शकतो.

अ जीवनसत्त्वाच्या अभावानं बुबुळ खराब होऊन जाणारे डोळे पूर्वी खूप असायचे, ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत अंगणवाडीत जे ९ डोस देतात ते त्यासाठीच, ते चुकवू नका. आणि आपल्याकडं मामाच्या नाहीतर आत्याच्या घरात सोयरीक करायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे, त्यात आरपी आणि आल्बिनिझमसारखे लपून राहणारे आनुवंशिक दोष दोन्हीकडून एकत्र यायची शक्यता वाढते. घरात असं एक मूल असेल तर पुढच्या सोयरिकीआधी जनुकीय सल्ला घ्या, नंतर भांडून काही होत नाही.

पुस्तक इतकं जवळ धरलं की डोळे अजून खराब होतात ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून उत्तर आधी दिलं.

वस्तू निम्म्या अंतरावर आणली की पडद्यावर तिची प्रतिमा दुप्पट होते. म्हणजे पुस्तक ३० सेंटीमीटरवरून १० वर आणलं की अक्षर तिप्पट मोठं झालं, एक रुपया खर्च न करता. आपल्यासारख्या चाळिशीच्या माणसाला १० सेंटीमीटरवर काहीच फोकस होत नाही म्हणून ते बघूनच आपले डोळे दुखतात, पण दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातली नैसर्गिक लेन्स इतकी लवचिक असते की सात-आठ सेंटीमीटरवर पण फोकस होतं. ते मूल स्वतःच्याच डोळ्याचं भिंग करून वापरतंय. त्याला लांब धरायला लावणं म्हणजे भिंग काढून घेणं. मान आणि पाठ मात्र दुखते, म्हणून उतरता डेस्क किंवा वाचायचा स्टँड द्या, पुस्तक वर येऊ दे, मूल खाली वाकू नये. फार वेळ वाचलं की डोळे थकतात, तेव्हा थोडी विश्रांती आणि डॉक्टरांनी दिला तर जवळचा वेगळा नंबर.

एक अपवाद आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या मुलाची ती लवचिक लेन्सच काढलेली असते, आत बसवलेली कृत्रिम लेन्स फोकस बदलत नाही, त्यामुळं त्याला लांबचा आणि जवळचा असे दोन्ही नंबर लागतात, बायफोकल. शाळेत "एवढ्याशा पोराला म्हाताऱ्याचा चष्मा" म्हणून हसतात आणि आईवडील तो बंद करतात, मग ऑपरेशन चांगलं होऊनही वाचन मागं पडतं.

डोळे वापरले की संपतात ही समजूत फार जुनी आहे, गेल्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड-अमेरिकेत नजर वाचवायची म्हणून मुलांना वाचूच न देणारे वर्ग चालायचे. अमेरिकेत नॅटली बॅरागा यांनी १९६४ साली दाखवून दिलं की थोडीशी नजर असलेल्या मुलांना बघण्याचा सराव दिला तर ती आहे तीच नजर जास्त चांगली वापरायला शिकतात. तक्त्यावरचा आकडा तोच राहतो, वापर सुधारतो. (ज्या मुलाची नजर एरवी साफ आहे आणि तो मोबाईल नाकाला लावून बसतो त्याचा विषय वेगळा, त्याला आधी तपासून घ्या, बहुतेक साधा मायनस नंबर निघेल.)

वर्गात काय करायचं, मोजून मापून

६/६० नजरेच्या मुलाला ६ मीटरवरून, म्हणजे शेवटच्या बाकावरून, जेमतेम ओळखू येणारं अक्षर साधारण ९ सेंटीमीटर उंच लागतं. कुठलेही सर एवढं मोठं लिहीत नाहीत, चार-पाच सेंटीमीटर लिहितात. त्याला ३ मीटरवर आणलं तर साडेचार सेंटीमीटरचं अक्षर कसंबसं वाचता येईल, आणि दीड मीटरवर आणलं तर आरामात. म्हणजे पहिला बाक हा उपकार नाही, साधं गणित आहे, आणि तिथंही अडलं तर उठून फळ्याजवळ जाऊन बघायची कायमची परवानगी द्या, दरवेळी "बाई जाऊ का" विचारायला लावू नका कारण चौथ्यांदा विचारायची मुलाला लाज वाटते आणि मग ते विचारणंच बंद करतं.

फळा काळा कुळकुळीत ठेवा, नीट पुसलेला. अर्धवट पुसलेल्या धुरकट फळ्यावर पिवळट खडूनं लिहिलेलं या मुलांना अजिबात दिसत नाही. पांढऱ्या चकचकीत बोर्डावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं आणि लाल-हिरवा मार्कर अर्धा सुकलेला असतो, त्यापेक्षा जुना फळा बरा (माझं मत, वाद घालू शकता). आणि लिहिताना मोठ्यानं बोला. "हे इथं, ते तिथं" न म्हणता "त्रिकोणाची डावी बाजू एबी" म्हणा. हे फुकट आहे आणि बाकीच्या पोरांनाही उपयोगी पडतं.

आता आपल्या लिपीची एक खोड आहे जी इंग्रजीतल्या माहितीपत्रकात सापडणार नाही. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यात फरक काय, तर शिरोरेषा कुठं तुटते एवढाच. ब आणि व मधे एक तिरकी रेघ. अनुस्वार म्हणजे एक ठिपका, ऱ्हस्व-दीर्घ उकार म्हणजे खाली लोंबणारी बारीक शेपटी, रफार तर शिरोरेषेच्या वर कुठंतरी तरंगत असतो. अक्षराचं अंग दिसतं, या काड्या-ठिपके दिसत नाहीत, आणि मग वहीत शुद्धलेखनाच्या चुकांचा लाल पूर येतो. मूल अंदाजानं वाचतं, अंदाज चुकला की "लक्ष नाही". गणितात दशांश चिन्ह हरवतं, ३.५ चे ३५ होतात, १ चे ९ होतात. म्हणून लो व्हिजनवाल्या मुलाची वही तपासताना रीत बरोबर आहे का ते आधी बघा.

पहिली-दुसरीत हे लक्षात येत नाही कारण पुस्तकातलं अक्षरच मोठं असतं. पाचवी-सहावीत अक्षर बारीक होतं, धडे लांब होतात, नकाशे येतात, आणि एकदम मार्क घसरतात. घरी वाटतं संगत बिघडली.

साधनांचं म्हणाल तर महागडं काही लागत नाही. पानावर ठेवून सरकवायचं गोल भिंग, स्टँडवालं भिंग, फळ्यासाठी एका डोळ्याला लावायची छोटी दुर्बीण, काळी ठळक रेघ असलेली वही, बॉलपेनऐवजी काळा स्केचपेन, आणि काळ्या कार्डबोर्डला एका ओळीची खाच कापून पानावर ठेवली तर आजूबाजूच्या ओळी झाकल्या जातात आणि ओळ चुकत नाही. भिंग मात्र दुकानातून अंदाजानं आणू नका, लो व्हिजन तपासणी करणाऱ्याकडून किती पॉवरचं ते ठरवून घ्या, कारण जितकं जास्त मोठं दाखवतं तितका कमी भाग दिसतो. झेरॉक्सवाल्याकडं ए-४ चं ए-३ केलं तर अक्षर जेमतेम १.४ पट होतं, काहींना तेवढं पुरतं, काहींना नाही. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, टॅबवर पाहिजे तेवढ्या मोठ्या करता येतात, काळ्यावर पांढरं उलटं करता येतं. वाचून दाखवण्यासाठी फोनमधलं टॉकबॅक किंवा कॉम्प्युटरवरचं एनव्हीडीए फुकट आहे आणि मराठी बोलतं, फक्त फाइल युनिकोडमधली हवी, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर ते काहीतरी अगम्य बरळतं.

"भिंग दिलं होतं, दप्तरातच ठेवतो"

ठेवणारच. सातवी-आठवीच्या वयात वेगळं दिसणं नको असतं, आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी "शेरलॉक" नाहीतर "आंधळा" म्हटलेलं असतं. भिंग एकदम वर्गात काढायला लावू नका, आधी घरी आवडीच्या गोष्टीवर सराव होऊ दे, क्रिकेटच्या पानावर, खेळण्याच्या खोक्यावर. वर्गात विज्ञानाच्या तासाला ते सगळ्यांच्या हातात फिरू द्या, नवलाई संपली की चिडवणं पण कमी होतं. आणि मुलाला स्वतःबद्दल एक वाक्य पाठ करून द्या, "माझ्या डोळ्याच्या पडद्याला प्रॉब्लेम आहे, जवळून दिसतं, लांबून नाही". ज्याला हे सांगता येतं त्याची निम्मी भांडणं वाचतात.

पीटीच्या तासाला बाकावर बसवून ठेवू नका, ही पण विनंती. पिवळा नाहीतर भगवा मोठा चेंडू घ्या. अंध क्रिकेटच्या ११ जणांच्या संघात पूर्ण अंध खेळाडूंबरोबर थोडं दिसणाऱ्यांच्या बी-२ आणि बी-३ अशा वेगळ्या जागा असतात, हे मुलांना सांगितलं की डोळे चमकतात. फक्त ज्यांचा रेटिना सुटायची भीती आहे त्यांना डोक्याला मार बसणारे खेळ चालणार नाहीत, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

"मग सरळ अंधशाळेत का घालू नये?"

अंधशाळांनी मोठं काम केलंय, दादरची आताची कमला मेहता अंधशाळा १९०० सालापासून आहे, आणि मुलाची नजर झपाट्याने जात असेल किंवा गावात कसलीच सोय नसेल तर तो पर्याय चांगला आहे. पण ज्या मुलाला छापील वाचता येतं त्याला फक्त बोटांनी वाचायला लावून, डोळे असून नसल्यासारखे करणं बरोबर नाही. वर सांगितलेल्या २०१६ च्या कायद्यानं (कलम ३१) ठरावीक टक्केवारीच्या (बहुतेक ४० टक्के, ते पुढं येईल) दिव्यांग मुलाला ६ ते १८ वयात जवळच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत, पालक निवडतील तिथं, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निवड तुमची, शाळेची नाही. आणि हे काही एकच निवडायचं नसतं, आरपीसारख्या वाढत जाणाऱ्या आजारात साध्या शाळेत राहून शनिवार-रविवारी ब्रेल शिकणारी मुलं असतात. नजर आहे तोवर ब्रेल शिकलं तर पुढं धक्का कमी बसतो. आईवडिलांना मात्र ब्रेलचं नाव काढलं तरी रडू येतं, ते समजू शकतो.

"आमच्या वर्गात ६० पोरं आहेत हो"

मान्य. शिक्षकांची ही तक्रार खोटी नाही. वर सांगितलेलं बहुतेक काम जागा, फळा आणि बोलण्याचं आहे, त्याला जादा वेळ लागत नाही, पण मुलाला भिंग वापरायला शिकवणं, नकाशे उठावाचे करून देणं, हे विशेष शिक्षकाचं काम आहे. समग्र शिक्षा योजनेत तालुक्याच्या गट साधन केंद्रात असे शिक्षक असतात, ते शाळा-शाळा फिरतात, आणि एकेकाकडं किती शाळा असतात ते विचारू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्राथमिकला १० विशेष गरजांच्या मुलांमागं एक आणि त्यापुढं १५ मुलांमागं एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलंय. प्रत्यक्षात त्याच्या जवळपास पोचायला वेळ आहे. तोपर्यंत मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, तोंडी नको, म्हणजे मुलाचं नाव यादीत तरी चढेल, कारण मोठ्या अक्षरांची पुस्तकं आणि साधनं यादीत नाव असलेल्यांनाच येतात.

तपासणीची गाडी आली तेव्हा शंका निघाली असेल तर पाठपुरावा करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, त्याच्या पथकानं चिठ्ठी दिली तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) पुढची तपासणी मोफत होते. चिठ्ठ्या निघतात आणि दप्तरात राहतात, हा खरा घोळ आहे.

प्रमाणपत्र, ४० टक्के आणि परीक्षा

दोन्ही डोळे ६/२४ ते ६/६० च्या मधे असले की साधारण ४० टक्के दिव्यांगत्व धरतात, आणि ४० टक्क्यांना योजना, सवलती वगैरे दारं उघडतात. एक डोळा पूर्ण गेला पण दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच मिळतात, त्यावरून दवाखान्यात वाद घालून उपयोग नाही, नियमच तसा आहे. पण ४० टक्के नाहीत म्हणून शाळेनं पहिला बाक किंवा मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका पण नाकारली तर ते चूक आहे. मुलाच्या गरजेप्रमाणं वाजवी सोय करून देणं हे त्याच २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे, आणि विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं साफ सांगितलं की अशा सोयीसाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही.

परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे ३ तासांच्या पेपरला एक तास, शिवाय गरज असेल तर लेखनिक. काही पालकांना वाटतं लेखनिक घेतला की जास्त मार्क. तसं नसतं, ज्या मुलानं वर्षभर स्वतः लिहिलंय त्याला एकदम दुसऱ्याला सांगून लिहून घेणं जमत नाही, भूमितीची आकृती तोंडानं सांगून बघा एकदा. काहींना स्वतः लिहून फक्त जादा वेळ पुरतो, काहींना वाचून दाखवणारा पुरतो. आठवी-नववीच्या घटक चाचण्यांतच दोन्ही करून बघा म्हणजे कळेल. "बाकीच्या मुलांवर अन्याय" म्हणणाऱ्यांना एकच सांगा, भिंगातून एकावेळी तीन-चार अक्षरं दिसत असताना दोन पानांचा उतारा वाचून दाखवा, घड्याळ लावून.

आणि दहावीच्या सवलतींचं नववीतच विचारून ठेवा, कारण सवलतीचा उल्लेख बोर्डाचा फॉर्म भरताना करायचा असतो, सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि जिल्हा रुग्णालयात डोळ्यांचे डॉक्टर, घेर मोजायचं मशीन आणि प्रमाणपत्राची वेबसाइट हे तिन्ही एकाच दिवशी चालू असायला कधीकधी दोन-तीन महिने जातात.